जुन्या लाकडी पॅलेटपासून बागेचे कुंपण: पूर्वतयारी, कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

जुन्या पॅलेटच्या लाकडाची अनेक कुंपणे जमिनीलगत कुजतात किंवा पहिल्या जोराच्या वाऱ्यात कलतात. दोन्ही वेळा कारण शोधत मागे गेले, तर चूक कुंपण उभे राहण्याच्या आधीच झालेली आढळते. ओले लाकूड तसेच रंगवले जाते, खांबांचे खड्डे हाती असलेल्या लाकडाचे माप न घेता खणले जातात आणि फळ्यांची कापलेली टोके उघडी राहतात. म्हणून या लेखात ठोकाठोकीपेक्षा तयारीला जास्त जागा दिली आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत, कारण इथे प्रत्येक टप्प्याचे माप मागच्या टप्प्यातून मिळते.

पॅलेटच्या वरच्या पातळ लाकडांना पुढे ‘फळ्या’ म्हटले आहे आणि त्या ज्या जाड, उभट लाकडांवर ठोकलेल्या असतात त्यांना ‘वासे’ म्हटले आहे. काही पॅलेटमध्ये वाशांऐवजी नऊ चौकोनी ठोकळे असतात.

## आधी ठरवावे: अखंड पॅलेट की सुट्या फळ्या

अखंड पॅलेट एकापुढे एक उभी करून खांबांना जखडणे हा झटपट मार्ग आहे. कमरेपेक्षा कमी उंचीच्या, आडोशाच्या आणि तात्पुरत्या कुंपणाला तो चालतो. मात्र पॅलेटच्या दोन थरांमधल्या पोकळीत पालापाचोळा साचतो, त्यात ओल धरून राहते आणि आतल्या बाजूला ब्रश पोहोचत नसल्याने तिथे लेपही नीट बसत नाही. शिवाय एक मध्यम पॅलेट साधारण २० ते २५ किलो वजनाचे असते आणि तो सगळा भार खालच्या फळीवरून मातीवर येतो. तरीही हाच मार्ग घ्यायचा असेल, तर पॅलेट विटांवर किंवा दगडांवर उचलून ठेवावीत आणि प्रत्येक सांध्यावर जमिनीत रोवलेला स्वतंत्र खांब द्यावा. पॅलेट एकमेकांना जोडून ती स्वतःच्या आधारावर उभी राहतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

वर्षानुवर्षे टिकणारे कुंपण हवे असेल, तर पॅलेट सुटे करून नव्या खांबांवर आडवे वासे आणि त्यांवर उभ्या फळ्या लावणे हाच माझ्या मते योग्य मार्ग आहे. पुढचे सर्व टप्पे त्याच पद्धतीचे आहेत.

## टप्पा १: जागेची पाहणी

कुंपणाची रेषा आखण्यापूर्वी हद्द नक्की करावी, उंचीबाबत स्थानिक नियम काय आहेत ते पाहावे आणि जमिनीखालून जाणारी वीज, पाणी व गॅस यांची माहिती मिळवावी. त्यानंतर पाऊस पडून गेल्यावर त्या रेषेवर पाणी कुठे साचते ते पाहावे. जिथे पाणी साचते तिथे खांब आधी कुजतो, म्हणून त्या जागी उतार काढणे हे कुंपणाच्या कामाचाच भाग समजावे.

## टप्पा २: पॅलेट निवडणे

इथे घाई करणाऱ्यांना पुढे सर्वांत जास्त त्रास होतो.

देशाबाहेर माल घेऊन जाणाऱ्या लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शिक्का असतो. त्यात गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, देशाची दोन अक्षरे, उत्पादकाचा क्रमांक आणि शेवटी लाकडावर कोणती प्रक्रिया केली त्याची अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे दिलेले आहे. ‘डीएच’ म्हणजे विद्युतलहरींनी तापवलेले आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. एमबी शिक्क्याचे पॅलेट बागेसाठी घेऊ नये आणि त्याचे लाकूड जाळूही नये.

एचटी शिक्क्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ही प्रक्रिया लाकडात त्या वेळी असलेल्या किडी मारण्यासाठी केलेली असते. त्यामुळे लाकूड पुढे कुजणार नाही किंवा त्याला वाळवी लागणार नाही, असे मुळीच नाही. उघड्यावर ठेवलेले एचटी पॅलेट साध्या लाकडाइतक्याच वेगाने कुजते.

शिक्का नसलेले पॅलेट वाईटच असते असे नाही, कारण देशांतर्गत वाहतुकीसाठी शिक्का लागत नाही. पण मग ते कोणत्या मालाखाली वापरले गेले, हे देणाऱ्याला विचारावे. तेलकट डाग, रंगीत पावडरीचे थर किंवा औषधासारखा उग्र वास असलेले पॅलेट बाजूला ठेवावे. भाजीपाल्याच्या वाफ्याजवळ कुंपण असेल तर यात अजिबात सूट देऊ नये. संपूर्ण निळ्या किंवा लाल रंगाची पॅलेट बहुधा भाड्याने फिरणाऱ्या साठ्यातील असतात आणि ती टाकून दिलेली दिसली तरी त्यांची मालकी संपलेली नसते. कोणतेही पॅलेट परवानगीशिवाय उचलू नये.

लाकडाची प्रत तपासायला टोकदार स्क्रू ड्रायव्हर पुरतो. खिळ्यांच्या आसपास आणि टोकांना तो दाबून पाहावा. टोक सहज आत गेले तर लाकूड आतून कुजलेले आहे. बारीक छिद्रे आणि त्यांखाली ताजा भुसा दिसला तर आत किडी जिवंत आहेत, असे समजावे.

तपासणी: शक्यतो एकाच मापाची आणि एकाच बांधणीची पॅलेट जमवावीत. युरोपीय मापाचे पॅलेट १२०० × ८०० मिमी असते आणि त्याच्या वरच्या फळ्या १२०० मिमी लांब व सुमारे २२ मिमी जाड असतात. हलक्या पॅलेटच्या फळ्या याहून बऱ्याच पातळ असतात. दोन्ही एकाच कुंपणात मिसळल्यास पातळ फळ्या आधी वाकतात आणि त्यांचे स्क्रू सैल होतात.

## टप्पा ३: पॅलेट सुटे करणे

पॅलेटला लावलेले खिळे बहुधा पिळाचे किंवा खाचांचे असतात. ते उपटून निघू नयेत यासाठीच तसे घडवलेले असतात. म्हणून कटावणी एका टोकाला घालून जोराने उचलली की खिळा जागेवर राहतो आणि फळी टोकाला चिरते. फळ्या वाया जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

फळी न चिरता काढायची असेल, तर पॅलेट पक्क्या ओट्यावर ठेवावे आणि फळी व वासा यांच्या फटीत धातू कापणारे पाते लावलेली विजेवरची मागेपुढे चालणारी करवत घालून खिळेच कापावेत. फट अरुंद असेल तर आधी लाकडी पाचर ठोकून ती थोडी रुंद करावी. दोन्ही टोकांचे खिळे असे कापावेत. मधल्या वाशावरचे खिळे मात्र कटावणीने उचलले तरी चालतात, कारण टोकापासून दूर असल्याने तिथे फळी सहसा चिरत नाही.

अशी करवत नसेल, तर कटावणी वाशाच्या अगदी लगत घालावी, एका बाजूने थोडे उचलावे, मग दुसऱ्या बाजूने थोडे, असे करत फळी सगळीकडून सारखी वर आणावी. दोन दातांची लांब दांड्याची पॅलेट-कटावणी मिळाली तर वाशाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जोर लागतो. या कामाला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

सावधान: जाड तळाचे बूट, चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल यांशिवाय या टप्प्याला हात घालू नये. धनुर्वाताच्या लसीची मुदत संपलेली असल्यास आधी ती घ्यावी. काढलेली फळी खिळ्यांची टोके वर करून जमिनीवर टाकू नये.

## टप्पा ४: खिळे काढणे, प्रतवारी आणि वाळवण

खिळा ज्या बाजूने आला त्याच बाजूने परत काढायचा असतो. टोकाकडून हातोडीने ठोकून डोके वर आणावे आणि मग पक्कडीने किंवा हातोडीच्या चिमट्याने ओढावे. करवतीने कापलेल्या खिळ्यांचे तुकडे पोगराने, म्हणजे बोथट टोकाच्या लोखंडी सळईने, ठोकून बाहेर काढता येतात. त्यानंतर प्रत्येक फळीवरून ताकदवान चुंबक फिरवावा. लाकडात राहिलेला एक खिळा रंध्याचे पाते निकामी करतो आणि विजेच्या करवतीत तर तो अपघातच घडवू शकतो.

मग फळ्यांचे तीन ढीग करावेत. अखंड सरळ फळ्या कुंपणाच्या दर्शनी भागासाठी, टोकाला चिरलेल्या पण मध्ये धड असलेल्या फळ्या आखूड कामासाठी आणि उरलेल्या बाद, अशी विभागणी असावी. चिरलेले टोक चिरेच्या पुढे दोन बोटे घेऊन कापावे, नाहीतर चीर पुढे वाढत राहते. मोठी गाठ असलेली फळी आडव्या भारासाठी वापरू नये.

आता फळ्या रचून ठेवाव्यात. जमिनीपासून उंचावर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी, प्रत्येक थरामध्ये सुमारे २ सेंमी जाडीच्या पट्ट्या देऊन रचाव्यात. वर पत्रा टाकावा, पण बाजू झाकू नयेत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लाकूड वाळत नाही, उलट त्यावर बुरशी चढते.

तपासणी: आर्द्रतामापक असेल तर १८ टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय लेप लावू नये. नसेल, तर खूण केलेल्या दोन-तीन फळ्यांचे वजन काही दिवसांच्या अंतराने करत राहावे. वजन उतरायचे थांबले म्हणजे लाकूड आसपासच्या हवेइतके वाळले आहे.

## टप्पा ५: मापांचा हिशोब

हा टप्पा कागदावर करायचा आहे आणि तो खड्डे खणण्याच्या आधीच करायचा आहे. लोक दोरी लावून खांब रोवतात, मग आडवे वासे लावायला जातात आणि ते चार बोटे आखूड पडतात. खांब काँक्रीटमध्ये बसलेले असल्याने नवे लाकूड आणण्यावाचून मार्ग उरत नाही.

म्हणून आधी आडव्या वाशांसाठी कोणते लाकूड आहे ते पाहावे. ते किमान ३५ मिमी जाड असावे. पॅलेटचे वासे त्यासाठी चालतात, पण फोर्कलिफ्टच्या दातांसाठी ज्यांच्या खालच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात ते वासे खाचेपाशी मोडतात आणि म्हणून घेऊ नयेत. धड वासे पुरेसे नसतील, तर आडवे वासे नवे विकत घ्यावेत. इथे काटकसर करू नये.

समजा, टोके कापल्यावर वाशांची वापरता येणारी लांबी १.१५ मीटर उरली आणि कुंपण १० मीटरचे आहे. १० ला १.१५ ने भागल्यास ८.७ येतात, म्हणजे ९ गाळे आणि १० खांब लागतील. आता १० मीटरचे ९ समान भाग केले की दोन खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १.११ मीटर येते. वासे तेवढे कापायचे, म्हणजे प्रत्येक वाशाचे टोक खांबाच्या बरोबर मध्यावर येते आणि शेजारचा वासा त्याच खांबाचा उरलेला अर्धा भाग घेतो.

फळ्यांचा हिशोबही असाच करावा. १० सेंमी रुंद फळी आणि २ सेंमी फट धरली, तर १० मीटरला ८३-८४ फळ्या लागतात. एका पॅलेटमधून सरासरी ५ धड फळ्या निघाल्या तर १७ पॅलेट लागतील. त्यावर तुटफुटीसाठी चार-पाच पॅलेट जास्त धरावीत.

फट सोडायची की नाही, असा प्रश्न नेहमी येतो. ती सोडावी. बंद भिंतीसारख्या कुंपणावर वाऱ्याचा पूर्ण दाब येतो आणि तो सगळा खांबांच्या बुडाशी पोहोचतो. फटीमुळे दाब कमी होतो, फळ्यांच्या कडा लवकर वाळतात आणि पावसात लाकूड फुगले तरी त्याला जागा मिळते.

## टप्पा ६: कापणी आणि संरक्षक लेप

सर्व फळ्या आणि वासे ठरलेल्या मापात आधी कापून घ्यावेत, कडा सँडपेपरने मारून घ्याव्यात आणि मगच लेप लावावा. घासताना मास्क वापरावा. कुंपण उभे राहिल्यावर लेप लावला, तर फळी व वासा जिथे एकमेकांना चिकटतात तिथे तो पोहोचत नाही, आणि पाणी अडकून राहते ते नेमके तिथेच.

लाकूड पाणी शोषते ते सर्वांत जास्त कापलेल्या टोकांतून, कारण तिथे त्याच्या उभ्या नलिका उघड्या असतात. म्हणून फळीच्या सपाट अंगावर दोन हात दिले आणि टोकांवर ओझरता ब्रश फिरवला, तर काम उलटे झाले असे समजावे. पसरट भांड्यात संरक्षक द्रव घेऊन फळ्यांची टोके त्यात डब्यावर सांगितलेल्या वेळेइतकी बुडवून ठेवावीत आणि मग उरलेल्या अंगावर ब्रश चालवावा.

खडबडीत पॅलेट-लाकडासाठी पृष्ठभागावर साय धरणाऱ्या रंगापेक्षा आत मुरणारा, उघड्यावरच्या वापरासाठी बनवलेला तेलयुक्त लेप बरा पडतो. जुन्या खिळ्यांच्या छिद्रांपाशी रंगाची साय फाटते, आत पाणी जाते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. मुरणारा लेप फक्त फिकट होतो, त्यामुळे तो पुन्हा लावताना खरवडावे लागत नाही. बोरॉनयुक्त द्रव किडी व बुरशीवर चांगला असला, तरी पावसात तो धुऊन जातो. तो वापरल्यास वर पाणी रोखणारा थर द्यावाच लागतो.

सावधान: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर सपाट पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

## टप्पा ७: खांब

खांब पॅलेटच्या लाकडाचे कधीही करू नयेत. जमिनीत राहणाऱ्या लाकडाला दाबाखाली रसायन मुरवलेले असावे लागते आणि पॅलेटला तसे काही केलेले नसते. दीड मीटरपर्यंतच्या कुंपणाला १० × १० सेंमी खांब घ्यावेत. लांबीचा एक तृतीयांश भाग जमिनीत जायला हवा. जमिनीवर १.२ मीटर हवे असेल तर खांब १.८ मीटरचा आणि खड्ड्यात ६० सेंमी, असे हे गणित आहे. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे खड्डा गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो.

कामाचा क्रम असा ठेवावा:

१. दोन्ही टोकांच्या खुंट्यांना दोरी ताणून रेषा घ्यावी. कोपरा काटकोनात हवा असेल, तर एका बाजूवर ३ मीटर आणि दुसरीवर ४ मीटर मोजून त्या खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५ मीटर येते का ते पाहावे.

२. खड्डे खांबाच्या रुंदीच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ३० सेंमी रुंद आणि ठरलेल्या खोलीपेक्षा १० ते १५ सेंमी जास्त खोल घ्यावेत. त्या जास्तीच्या खोलीत खडी भरून धुम्मसाने ठोकावी.

३. आधी टोकांचे आणि कोपऱ्यांचे खांब उभे करावेत. खांब खडीवर टेकला पाहिजे. त्याच्या बुडाखाली काँक्रीट घालू नये, कारण मग खांब वाटीत उभा राहतो आणि झिरपलेले पाणी खाली निघून जात नाही.

४. लागून असलेल्या दोन बाजूंना ओळंबा किंवा पाणसळ लावून खांब सरळ करावा, दोन तिरप्या टेकूंनी धरावा आणि मग काँक्रीट ओतावे. वरची बाजू जमिनीपेक्षा किंचित उंच व खांबापासून बाहेर उतरती करावी.

५. टोकांच्या खांबांना वर आणि खाली अशा दोन दोऱ्या बांधून मधले खांब त्यांना जेमतेम स्पर्श होईल असे बसवावेत. हे अंतर टप्पा ५ मधल्या कागदावरून घ्यावे.

वाळवीचा जोर असलेल्या जमिनीत, किंवा पाणी धरणाऱ्या चिकणमातीत, काँक्रीटमध्ये बसवलेल्या गंजरोधक लोखंडी पायावर खांब जमिनीच्या वर ठेवणे अधिक सुरक्षित असते.

तपासणी: टेकू किमान दोन दिवस काढू नयेत आणि शक्य असल्यास आठवडाभर खांबांवर भार देऊ नये. ताज्या काँक्रीटमधला खांब हातोडीच्या ठोक्यांनी हलला, तर त्याच्याभोवती केसासारखी फट पडते आणि पुढे पाणी तिच्यातून उतरते.

## टप्पा ८: आडवे वासे

१.२ मीटरपर्यंत दोन आणि त्याहून उंच कुंपणाला तीन आडवे वासे लावावेत. वाशाची रुंद बाजू उभी ठेवावी, कारण सपाट ठेवलेला वासा मध्ये झोळ धरतो. वरची कड रंध्याने थोडी उतरती केल्यास तिच्यावर पाणी थांबत नाही, मात्र त्यानंतर त्या कडेला पुन्हा लेप द्यावा. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू द्यावेत आणि त्यांसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यावे. जुने वाळलेले लाकूड भोकाशिवाय टोकाला हमखास चिरते.

जमीन उताराची असेल तर प्रत्येक गाळ्यात वासे समपातळीत ठेवून कुंपण पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावे किंवा वासे उताराला समांतर लावून फळ्या ओळंब्यात ठेवाव्यात. दुसरी पद्धत फळ्यांखालची जागा सारखी ठेवते, म्हणून लहान बागेत ती जास्त सोयीची असते.

## टप्पा ९: फळ्या लावणे

खाली ५ सेंमी जागा सोडून एक दोरी ताणावी आणि सर्व फळ्यांची खालची टोके तिच्यावर आणावीत. फळ्या थेट मातीला टेकवणे ही जमिनीलगत कुजण्याची मुख्य चूक आहे. फट सारखी राहावी म्हणून २ सेंमी रुंदीचा लाकडी ठोकळा दोन फळ्यांमध्ये धरून पुढची फळी बसवावी. दर चार-पाच फळ्यांनंतर ओळंबा लावावा, कारण प्रत्येक फळीतला केसभर तिरपेपणा गाळा संपेपर्यंत बोटभर होतो.

स्क्रू जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत आणि त्यांची लांबी फळीच्या जाडीच्या अडीच ते तीन पट असावी. २२ मिमीच्या फळीला ५५ ते ६५ मिमीचा स्क्रू लागतो. स्क्रूचे डोके लाकडाच्या बरोबरीला थांबवावे. ते खोल गाडले की वर पाणी धरणारा खळगा तयार होतो. पॅलेटमधून निघालेले जुने खिळे सरळ करून पुन्हा वापरू नयेत.

वरची टोके आधी लेप दिलेली असली, तरी जागेवर कापावी लागलेली प्रत्येक फळी त्याच दिवशी टोकाला पुन्हा लेपावी. फळ्यांच्या वर सलग उतरती पट्टी बसवता आली तर उत्तमच.

## टप्पा १०: काम संपल्यावर

सर्वप्रथम कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी जमिनीवरून चुंबक फिरवून पडलेले खिळे गोळा करावेत. पहिला पावसाळा किंवा हिवाळा उलटल्यावर सर्व स्क्रू तपासून सैल झालेले आवळावेत, खांबांच्या बुडाशी जमलेली माती व पाला दूर करावा आणि स्क्रू ड्रायव्हरने खांब जमिनीच्या पातळीवर दाबून पाहावेत. पाण्याचे काही थेंब फळीवर टाकल्यावर ते लगेच मुरले तर लेप पुन्हा देण्याची वेळ झाली आहे. तो कोरड्या दिवसांत, फळ्यांच्या टोकांपासून सुरुवात करून द्यावा. उरलेले तुकडे लेप लावलेले असतील तर ते चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत आणि त्यांचा भुसा खतात मिसळू नये.